सामान किती वेळा उचलायचं?

मुलं परदेशात असली की आईवडिलांच्या युरोपवारीचा आराखडाही तिकडूनच येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता येऊन पडतो: पॅरिस दोन रात्री, इंटरलाकेन दोन, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स एक, रोम दोन, मग व्हिएन्ना आणि प्राग. बारा दिवसांत सात शहरं, सगळा प्रवास रेल्वेनं. नकाशावर बोट फिरवून पाहिलं तर त्यात काही चुकीचं दिसत नाही. गाड्या वेगवान, बहुतेक अंतरं मुंबई-नागपूरपेक्षाही कमी. कोथरूडमधले पासष्टी-सत्तरीचे दोघं तो तक्ता छापून घेतात आणि फ्रिजवर लावतात. त्यातली अडचण नकाशावर दिसणारी नसते. ती हॉटेलच्या जिन्यात, फलाटावर आणि डब्याच्या दारात असते.

युरोपातल्या रेल्वे स्टेशनांवर सहसा हमाल नसतात, ही एकच गोष्ट धरून हिशेब मांडून पाहा. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना बॅग कुठे कुठे उचलावी लागते? हॉटेलच्या पायऱ्या, टॅक्सीची डिकी, स्टेशनचा जिना, डब्याचं दार, सामानाचा कप्पा. हे झाले पाच. पोचल्यावर हेच पाच उलट्या क्रमानं. म्हणजे एका शहरबदलाला दहा. मध्ये गाडी बदलायची असेल तर आणखी चार: कप्प्यातून काढा, दारातून उतरवा, दुसऱ्या दारात चढवा, पुन्हा कप्प्यात टाका. सात शहरांचे सहा बदल, म्हणजे साठ वेळा तरी बॅग उचलायची, तीही माणशी. पैसे पुरतात, दिवसही पुरतात. आठव्या दिवशी कंबर पुरत नाही. म्हणून वयस्क माणसांच्या सहलीत शहरं मोजण्याआधी हे उचलणं मोजावं.

या हिशेबात बसणारा एक मार्ग उदाहरणादाखल घेऊ. सोळा रात्री, चार शहरं: पॅरिस, स्वित्झर्लंडमधलं लुसर्न, फ्लॉरेन्स, रोम, प्रत्येकी चार रात्री. विमान पॅरिसला उतरणारं आणि परतीचं रोमहून निघणारं घ्यायचं. एकाच शहरातून ये-जा करणारं तिकीट थोडं स्वस्त दिसतं, पण त्यासाठी शेवटी हजारभर किलोमीटर उलटं यावं लागतं. असं तिकीट घेताना जाण्याची दोन वेगळी आणि येण्याची दोन वेगळी अशी जोडाजोडी करू नये. ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून एकच आरक्षण करावं, म्हणजे एक विमान चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते.

पॅरिस ते बासेल थेट वेगवान गाडी आहे, साधारण तीन तास. बासेलला बदलून लुसर्न आणखी तासाभरावर. लुसर्नहून मिलान सव्वातीन तासांच्या आसपास, गोट्टहार्ड खिंडीखालून. तिथला २०१६ मध्ये सुरू झालेला ५७ किलोमीटरचा बोगदा जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे. देखावा पाहायला बसलेल्यांना मात्र तिथे वीसेक मिनिटं काळोखच दिसतो. मिलानहून फ्लॉरेन्स दोन तासांच्या आत, फ्लॉरेन्सहून रोम दीड तास. तीन शहरबदल आणि वाटेत दोन गाडीबदल, म्हणजे उचलणं अडतीस वेळा. साठाच्या मानानं हे पुष्कळ बरं.

व्हेनिस का नाही, असा प्रश्न येतोच. व्हेनिसमध्ये पुलांना पायऱ्या आहेत आणि रस्त्यावर टॅक्सी नाही. जायचंच असेल तर फ्लॉरेन्सहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं. दोन-सव्वादोन तासांची गाडी आहे. तिकीट सांता लुचिया स्टेशनचं घ्यावं. मेस्त्रे हे त्याच्या आधीचं स्टेशन खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे.

स्टेशनांच्या नावांची ही गल्लत वरवरची वाटते, पण निम्म्या फजित्या तिच्यामुळेच होतात. पॅरिसमधलं गार द लिआँ हे लिआँ शहरातलं स्टेशन नव्हे. ते पॅरिसमध्येच आहे आणि बासेलची गाडी तिथूनच सुटते. अ‍ॅमस्टरडॅम किंवा लंडनहून येणारी गाडी उतरवते ती गार द्यु नॉरला. या दोन स्टेशनांमध्ये आरईआर या उपनगरी रेल्वेची डी लाइन थेट आहे, मधलं एकच स्टेशन सोडून. तरीही सामान असेल तर टॅक्सीच करावी. फ्लॉरेन्स फलकावर ‘फिरेन्झे’ असं येतं आणि त्यातलं सांता मारिया नोव्हेल्ला हे मुख्य स्टेशन. रोमला येताना काही गाड्या आधी तिबुर्तिनाला थांबतात, मग तेर्मिनीला. ‘रोमा’ ऐकून घाईनं उतरणारे तिबुर्तिनाला उतरतात आणि हॉटेल असतं तेर्मिनीजवळ.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, हा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा. रात्री समसमान असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. आपल्या उदाहरणात फ्रान्स चार, स्वित्झर्लंड चार, इटली आठ. विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज इटलीकडे. कुणी सांगतं की अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो, त्याची हॉटेलं दाखवा. हा सल्ला ऐकू नये. आरक्षणं आणि अर्ज जुळले नाहीत तर नकाराला कारण मिळतं, आणि नकाराची नोंद राहते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पुण्याहून मे महिन्यात निघणाऱ्यांनी जानेवारीतच भेटीची वेळ घ्यावी, कारण मार्च-एप्रिलमध्ये शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी उसळते. ज्या देशाचा व्हिसा हवा त्याचं अर्ज केंद्र पुण्यात आहे की मुंबईला जावं लागेल हे आधी पाहावं. बोटांचे ठसे द्यायला स्वतःलाच जावं लागतं. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी ५९ महिन्यांच्या आत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. फी २०२४ च्या जूनपासून प्रौढांना ९० युरो, शिवाय केंद्राचा आकार वेगळा. निवृत्तांसाठी पेन्शनची कागदपत्रं, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं आणि मुलगा-मुलगी खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. व्हिसापुरता स्वस्तातला विमा चालतो, पण रक्तदाब, मधुमेह, स्टेंट हे सगळं अर्जात लिहून, आधीपासूनच्या आजारांचा भाग वाचून घेतलेला विमाच प्रत्यक्षात उपयोगी पडतो. साठीनंतर काही पॉलिसींमध्ये खोलीभाड्याला आणि शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा असते. ती बारीक अक्षरात असते आणि तेवढीच वाचायची असते.

इथे एक पेच पडतो. रेल्वेची स्वस्त तिकिटं तीन-चार महिने आधी खुली होतात, ती परत होत नाहीत, आणि व्हिसा तर हातात नाही. यावर धोपट उपाय असा: हॉटेलं विनाशुल्क रद्द होणारी घ्यावीत, रेल्वेचं फक्त वेळापत्रक अर्जाला जोडावं आणि तिकिटं व्हिसा मिळाल्याच्या दिवशी काढावीत. तोवर भाडं थोडं चढतं. पण चार तिकिटांचा चढलेला फरक सगळी तिकिटं बुडण्यापेक्षा परवडतो. युरोपातलं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं, त्यामुळे त्या तारखेपलीकडच्या गाड्या कधी कधी उशिरा विक्रीला येतात.

पासाचा मोह फार असतो. युरेल पास युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी आहे, साठीपुढच्यांना दहा टक्के सूट आहे, आणि ‘एक पास, तेहतीस देश’ हे ऐकायला छान वाटतं. पण फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं, आणि फ्रान्समध्ये पासधारकांसाठीच्या जागाही मोजक्या असतात. तीन-चार लांब प्रवास असलेल्या सहलीत वेळेवर काढलेली सुटी तिकिटंच बहुधा स्वस्त पडतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रोज भटकायचं असेल तर मात्र पासाची मजा आहे, कारण तिथे बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही.

स्वित्झर्लंडचं गणित वेगळं. तिथला स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा मिळतो आणि त्यात रेल्वे, बस, ट्राम, तळ्यांवरच्या बोटी आणि बरीच संग्रहालयं येतात. चार रात्री लुसर्नला काढणाऱ्यांना चार दिवसांचा पास पुरतो, पण पासाच्या पहिल्या दिवशी बासेल-लुसर्न येईल असं बघावं. त्याच पासावर लुसर्नहून बोटीनं फिट्सनाऊला जायचं आणि तिथून दातेरी रुळांवरच्या गाडीनं रिगीवर. १८७१ मध्ये सुरू झालेली ती युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. रिगीचा माथा सुमारे १,८०० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा पाचएकशे मीटरनं उंच. तिथे सहसा कुणाला दम लागत नाही. युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं बर्फाळ ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे, तिथे पासावर फक्त २५ टक्के सवलत मिळते, आणि हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. सगळे युंगफ्राउला जातात म्हणून आपणही जावं, हे कारण पुरेसं नाही. रिगीवरून आल्प्स तेवढेच दिसतात.

सामानाकडे परत येऊ. बॅग किती मोठी, याचं उत्तर किलोत देण्यापेक्षा कसोटीत द्यावं: भरलेली बॅग स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, लागोपाठ तीन वेळा कमरेएवढी उचलता आली पाहिजे. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा दहा किलोंच्या आसपास थांबतो. विमान कंपनी तेवीस किलो देते म्हणून तेवीस किलो न्यायचे नसतात. चार दिवसांचे कपडे न्यायचे आणि प्रत्येक शहरात एकदा धुवायचे. चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर सुरेख पळते, पण दगडी रस्त्यावर तिची बारकी चाकं अडकतात आणि गाडीत ठेवली तर वळणावर स्वतःच चालू लागते. मोठ्या दोन चाकांची बॅग तिथे जास्त कामाची. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे.

युरोपातल्या डब्यांची उंची सगळीकडे सारखी नाही. काही गाड्यांत फलाटाच्या पातळीवरून सरळ आत जाता येतं, काही जुन्या डब्यांना दोन-तीन उभ्या पायऱ्या असतात. फ्रान्समधल्या दुमजली गाड्यांत आरक्षण करताना खालचा मजला निवडता येतो, तो निवडावा. वरच्या मजल्यावरून देखावा चांगला दिसतो हे खरं, पण आतला जिना अरुंद असतो आणि बॅग खाली दाराशी ठेवली तर जीव तिच्यात अडकतो. दारं आपोआप बंद होतात, थांबा दोन-तीन मिनिटांचा असतो, आणि फ्रान्समध्ये वेगवान गाडीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधीच बंद होतात. म्हणजे १०:२८ ची गाडी १०:२६ लाच गेली असं धरावं. उतरायच्या स्टेशनच्या दहा मिनिटं आधी बॅग दाराशी.

फलाट क्रमांक इटली-फ्रान्समध्ये गाडीच्या दहा-वीस मिनिटं आधीच फलकावर येतो, मग सगळी गर्दी एकदम धावते. धावू नये. आरक्षण आहे, जागा पळत नाही. फलाटावर डब्यांच्या क्रमाचा फलक पाहावा. आपला डबा कोणत्या अक्षराखाली थांबणार ते कळतं. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये काही गाड्या मध्येच दोन भागांत विभागल्या जातात आणि दोन वेगळ्या शहरांना जातात. अशा गाडीत चुकीच्या डब्यात बसून आत चालत जाऊ म्हटलं तर दोन भागांमध्ये वाटच नसते.

इटलीत आणखी एक खोच आहे. वेगवान गाडीच्या तिकिटावर तारीख, गाडी, जागा सगळं छापलेलं असतं, त्यामुळे काही करावं लागत नाही. पण फ्लॉरेन्सहून पिसाला जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. मोबाइलवरचं असेल तर त्यात चेक-इन करावं लागतं. विसरलं तर दंड होतो, आणि पांढऱ्या केसांकडे पाहून तो माफ होत नाही.

मिलानला गाडी बदलायला निदान एक तास ठेवावा. लुसर्न-मिलान आणि मिलान-फ्लॉरेन्स ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिली गाडी उशिरा आल्यानं दुसरी चुकल्यास दुसरं तिकीट वाया जाऊ शकतं. पुढची गाडी दिवसातली शेवटची नसावी. युरोपीय संघाच्या नियमानं तासापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांपेक्षा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. कारण रेल्वेच्या हाताबाहेरचं, म्हणजे पुराबिराचं असेल तर नाही. इटली-फ्रान्समधले संप आधी जाहीर होतात. निघण्याच्या आठवड्यात त्या तारखा पाहून ठेवाव्यात.

विमानतळावर व्हीलचेअर मागायची सवय आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. रेल्वेतही तशी विनाशुल्क मदत मिळते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. युरोपीय संघाच्या नियमात ही मुदत २४ तासांची आहे. इटलीच्या मोठ्या स्टेशनांवर त्यासाठी ‘साला ब्लू’ नावाची कार्यालयं आहेत. पायऱ्यांच्या डब्यापाशी उचलयंत्र आणून चढवतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी ही मदत संकोच न करता मागावी. फलाटावर कुणी आपणहून तिकीटयंत्र चालवून दाखवायला किंवा बॅग उचलायला पुढे आला तर मात्र नम्रपणे नाही म्हणावं. गार द्यु नॉर, मिलानो चेंत्राले, तेर्मिनी या तीनही ठिकाणी ही जुनी युक्ती आहे.

हॉटेल स्टेशनपासून दहा मिनिटं चालत, यापेक्षा लांब नको. आरक्षणाआधी तीन प्रश्न ईमेलनं विचारावेत. लिफ्ट आहे का? ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का? न्हाणीघरात बाथटब आहे की सपाट शॉवर? फ्लॉरेन्स आणि रोममधल्या जुन्या वाड्यांत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोचायला आठ-दहा पायऱ्या असतात. बाथटबची उंच कड ओल्या पायानं ओलांडणं हा सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा क्षण आहे, रोमच्या रहदारीपेक्षाही. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं तर वातानुकूलन आहे का हा चौथा प्रश्न. तिथे ते गृहीत धरता येत नाही. मे किंवा सप्टेंबर बरा. इटलीत शहरकर हॉटेलवर वेगळा, माणशी रात्रीप्रमाणे द्यावा लागतो.

पॅरिसला उतरण्याच्या दिवशी रेल्वे नको. २०२५ च्या ऑक्टोबरपासून शेंगेन सीमेवर चेहरा आणि बोटांचे ठसे नोंदवणारी नवी यंत्रणा सुरू झाली आहे, पहिल्या खेपेला रांगेत वेळ जातो. विमानतळाहून शहरात टॅक्सीचे दर ठरलेले आहेत, तसेच रोमलाही. मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद, सोमवारी फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन बंद. शहराचे दिवस ठरवताना हे दोन वार आधी मांडावेत. रविवारी स्वित्झर्लंडमधली बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली उघडी.

खाऊ नेताना एक खबरदारी. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप, पनीर घरीच ठेवायचं. मे महिना असला तरी हापूसची पेटीही नाही; ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बाकरवडी, खाकरा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी चालते. खोलीत किटली असेलच असं नाही. छोटी प्रवासी किटली नेली तर पोह्यांचं तयार पाकीट आणि चहा दोन्हींची सोय होते. आपल्या तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही. दोन बारीक गोल पिनांचा तिन्ही देशांत चालतो.

औषधं मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव. आपले ब्रँड तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. सगळी हातसामानात, आणि दोघांच्या बॅगांत अर्धी-अर्धी. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच टाकू नये, तिथे ते गोठू शकतं. उन्हाळ्यात ते देश आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आपत्कालीन क्रमांक सगळीकडे ११२.

पैशांबाबत: कार्डयंत्रानं रुपयांत की युरोत असं विचारलं तर नेहमी युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. रुपये निवडले तर यंत्रवाल्याचा दर लागतो आणि तो वाईट असतो. भारतीय सिम चालू ठेवावं, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि कार्ड असून नसल्यासारखं होतं. तिकिटं दोन्ही फोनवर आणि कागदावरही. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांना नाणी लागतात, ती खिशात वेगळी असावीत.

आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी रंगीत तालीम. भरलेल्या बॅगा घेऊन दोघांनी वनाजहून मेट्रोत बसावं, सिव्हिल कोर्टला उतरून वरच्या मार्गावरून भुयारी मार्गावर जावं आणि स्वारगेटला निघावं. तिकीटफाटक, सरकते जिने, लिफ्ट, आपोआप मिटणारी दारं, गर्दीत बॅग सांभाळणं, सगळं त्यात येतं. बॅग घेऊन सरकत्या जिन्यावर पाय टाकताना भीती वाटते की नाही हे घरी बसून कळत नाही. जमलं नाही तर सामान कमी करायला तीन आठवडे हाताशी असतात. ज्यांना लांबची तालीम हवी त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारतनं पुण्याहून मुंबईला जाऊन यावं. तिची दारंही तशीच मिटतात आणि वरच्या फळीवर बॅग चढवायला कुणी येत नाही.

निघण्याच्या दिवशी पुण्याहून मुंबई विमानतळासाठी, खंडाळ्याच्या घाटातली कोंडी धरून, विमानाच्या वेळेच्या निदान नऊ तास आधी गाडी बोलवावी. विमान पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळी जाऊन विमानतळाजवळ झोपावं. परतीला रोमच्या तेर्मिनीहून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत पोचवते, पण तिचा फलाट स्टेशनच्या दाराशी नाही, बराच आत आहे, तेव्हा त्या चालण्यासाठी वीस मिनिटं वेगळी धरावीत. आणि मुंबईला विमान मध्यरात्री उतरत असेल तर घरी न्यायला येणारा ड्रायव्हर दिवसभर गाडी चालवून आलेला नसावा, हे आधीच सांगून ठेवावं.